गाडीच्या कॅमेऱ्याला रस्त्याची कड दिसते का? चिकोडी–संकेश्वर रस्त्यावरचा अनुभव

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

परवा रात्रीची गोष्ट आहे. तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही. आपल्या भागात कॅमेरा-रडारवाल्या गाड्या घेणारे आता बरेच झालेत, म्हणून सविस्तर लिहितो.

चिकोडीला मामांकडे कार्य होतं. निघायला रात्रीचे साडेनऊ झाले. गाडी मी चालवत होतो, शेजारी आई, मागे बायको आणि मुलगा. संकेश्वरला हायवेला लागायचं आणि तिथून सरळ बेळगाव. गाडी सात महिन्यांची आहे. आतल्या आरशामागे काचेला चिकटून कॅमेरा, पुढच्या जाळीत रडार. समोर काही आलं तर आधी ओरडते, मग स्वतः ब्रेक मारते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण कुठल्या कंपनीशी करायचं नाही.

क्रूझ (पाय न ठेवता गाडी ठरलेला वेग धरते ती सोय) ७० वर लावलं होतं. समोरून एक लॉरी अप्पर मारत आली. मी दोनदा डिपर दिला, तिने काही झोत खाली केला नाही. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. तेवढ्यात आई ओरडली, "फांदी आहे रे, फांदी!"

मला फांदी दिसलीच नव्हती. आईच्या आवाजावर पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा बाभळीची फांदी पुढच्या चाकाखाली आली होती, तिच्यापुढचे दोन दगड चुकले होते, आणि बंपरपासून एका माणसाच्या अंतरावर उसाची टोकं होती. चाक निखळलेली भरलेली ट्रॉली, डावीकडे कललेली, निम्मी डांबरावर. ट्रॅक्टर नाही, माणूस नाही, दिवा नाही.

गाडीने एकदाही आवाज केला नाही. थांबल्यावर स्क्रीनकडे पाहिलं, तर माझ्यापुढचा रस्ता रिकामा दाखवत होती. ट्रॉली काचेतून हाताच्या अंतरावर, आणि स्क्रीनवर मोकळा रस्ता. ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

आईचं माहेर त्याच पट्ट्यातलं. फांदी म्हणजे पुढे काहीतरी बंद पडलंय, हे तिला लहानपणापासून माहीत. फांदीला ना कन्नड लागतं ना मराठी, रस्त्यावरच्या प्रत्येकाला ती वाचता येते. माझ्या गाडीला ती वाचता आली नाही, आणि खरं सांगायचं तर गाडीवर विसंबून मीही वाचायचं सोडलं होतं.

या क्षेत्रातलं कुणी इथे असेल तर कृपया समजावून सांगा. एवढी मोठी ट्रॉली दिसली कशी नाही? आणि कडेचं आणखी काय काय या कॅमेऱ्यांना दिसत नाही?

---

महामार्गी

आधी आईंना नमस्कार. सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं.

दुसरी बाजू मात्र मांडतो, कारण हा धागा वाचून कुणी प्रणाली बंद करून बसू नये. मी दर आठवड्याला बेळगाव–कोल्हापूर करतो. दिवाळीच्या आधी हत्तरगीच्या अलीकडे एक दुचाकीवाला दुभाजकाच्या फटीतून एकदम आडवा आला. माझा पाय पोचायच्या आधी गाडीने ब्रेक दाबला होता. तो मुलगा विशीतला असेल. आज तो घरी आहे तो गाडीमुळे. तेव्हा हे निरुपयोगी आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

---

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

@महामार्गी, पूर्ण सहमत. बंद करा असं मी म्हणतच नाही, माझीही चालूच आहे. प्रश्न वेगळा आहे. ती ओरडली की मी ऐकतो, पण ती गप्प असते तेव्हा मी काय समजायचं?

---

पिक्सेल_वडगाव

मूळचा वडगावचा, पुण्यात याच कामात आहे. सुट्टीला घरी येताना तवंदी घाट उतरलो की माझं स्वतःचं चालवणं बदलतं. का, ते सांगतो.

काचेमागच्या कॅमेऱ्याला चित्र मिळतं आणि त्या चित्रात शिकवलेल्या वस्तू शोधायच्या असतात. कारची मागची बाजू, ट्रक, बस, दुचाकी, सायकल, चालणारा माणूस. लाखो चित्रं दाखवून हे शिकवलेलं असतं. युरोपातल्या सुरक्षा चाचण्यांत गाडीसमोर ठेवतात तेही हेच: कारचा पुतळा, पादचारी, लहान मूल, सायकलस्वार, मोटरसायकलस्वार.

आता रात्री मागून भरलेली उसाची ट्रॉली आठवा. दोन लाल दिवे नाहीत, नंबरप्लेट दिसत नाही, चौकोनी कड नाही, चाकं शेंड्यांखाली अंधारात. वरपासून खालपर्यंत पाला आणि कांड्या. चार हातांवर उभ्या असलेल्या रानातल्या उसात आणि हिच्यात कॅमेऱ्याने फरक कशावरून करायचा? त्यातून ती कललेली, आणि अर्धी रस्त्याबाहेर.

दुसरी अडचण अंतराची. एकाच कॅमेऱ्याला खोली थेट कळत नाही. वस्तू जमिनीला कुठे टेकते, त्यावरून अंतराचा अंदाज घेतात. याचं प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. व्होल्वोने मोठ्या प्राण्यांसाठी केलेली यंत्रणा स्वीडनमध्ये मूस नावाच्या महाकाय हरणांवर घडवली होती. ऑस्ट्रेलियात कांगारूपुढे ती गोंधळली, आणि २०१७ मध्ये कंपनीने ते स्वतःच सांगितलं. कांगारू उडी मारून हवेत गेला की लांब आहे असं वाटायचं, टेकला की जवळ. जी यंत्रणा ज्या देशाच्या रस्त्यावर वाढली, तिला त्याच रस्त्याचे धोके कळतात. जमिनीला कुठे टेकलंय हे न दिसणारी ट्रॉली हा आपला कांगारू आहे.

तिसरी गोष्ट रडार. टिळकवाडीकर, तुमच्या रडारला ती ट्रॉली बहुतेक जाणवली होती. पण रडारला मोरीचा कठडा, विजेचा खांब, पाटी, लोखंडी रेलिंग हे सगळंच जाणवतं, आणि ते सगळं ट्रॉलीसारखंच जागेवर उभं असतं. प्रत्येकावर ब्रेक मारला तर गाडी चालवताच येणार नाही, आणि मागचा येऊन आदळेल. म्हणून बऱ्याच गाड्यांत वेग जास्त असताना, आधीपासून उभ्या असलेल्या वस्तूंच्या प्रतिध्वनीला फार कमी वजन देतात, कॅमेऱ्याने ‘हो, हे वाहन आहे’ म्हटल्याशिवाय. तुमच्या बाबतीत कॅमेऱ्याने ओळखलं नाही आणि रडारने सोडून दिलं, असं झालं असावं. क्रूझ लावलेलं असताना उभ्या वाहनासाठी गाडी थांबेलच असं नाही, हे बहुतेक पुस्तिकांमध्ये लिहिलेलं असतं. काढून बघा.

त्यात समोरची लॉरी. अप्परच्या झोतात चित्राचा एक भाग पांढरा होतो आणि बाकीचा काळोखात बुडतो. तुमचा डोळा दिपला तसाच कॅमेराही दिपला.

---

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

पुस्तिका काढली. आहे. अगदी शब्दशः आहे. सात महिने डॅशबोर्डच्या खणात होती आणि मी उघडली नव्हती. आणखीही लिहिलंय: जोराचा पाऊस, धुकं, समोरून सूर्य, चिखलाने माखलेली काच, असामान्य आकाराचं वाहन, बाहेर आलेला माल. गाडी देताना शोरूममधल्या मुलाने छताची काच कशी उघडायची ते दोनदा दाखवलं, यातलं एकही वाक्य सांगितलं नाही.

---

निपाणीकडचा

मी सोता ट्रॅक्टरवाला. दोन ट्रॉल्या हायत, हंगामात कारखान्याला ऊस ओढतो. तुमच्या आईनं वाचवलं बघा. आता आमची बाजू लिवतो, रागावू नका.

ट्रॉली नवी असताना मागं दिवा असतोय. पयल्या हंगामातच जातोय. रानातनं बाहेर काढताना बांधाला घासून काच फुटती, मोळ्या टाकताना वायर तुटती. ट्रॅक्टरपास्नं पयल्या ट्रॉलीला एक पिन, तिथनं दुसऱ्या ट्रॉलीला आणि एक पिन. मागच्या ट्रॉलीचा दिवा लागायचा म्हंजे दोन्ही जोड धड पायजेत. आणि ऊस भरला की शेंडं हात-दोन हात मागं येत्यात, दिवा असला तरी झाकतोय.

पण खरी गोष्ट ऐका. चाक गेलं की मागची ट्रॉली तिथंच सोडून पुढची घेऊन कारखान्याला जावं लागतंय, नायतर नंबर जातोय आणि ऊस वाळतोय. ट्रॅक्टरच गेला की दिव्याला करंट कुठला? तुमी म्हणताय तशी दिवा नसलेली ट्रॉली ती हीच. म्हणून फांदी नि दगड. आमच्या आज्यापास्नं हीच खूण हाय.

दगड मात्र नंतर उचलायचे ऱ्हात्यात. ट्रॉली निघून जाती, दगड तिथंच. मोटरसायकलवाली पोरं त्यावर पडल्याली मी बघितल्यात. ही आमची चूक हाय, मान्य करतो.

---

पिक्सेल_वडगाव

@निपाणीकडचा, दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या टीममध्ये भाषांतर करून वाचून दाखवणार आहे. ‘ट्रॅक्टर गेल्यावर दिव्याला करंट नाही’ हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. म्हणजे करंट न लागणाराच उपाय हवा.

---

खानापूरची_बाई

मी जांबोटीच्या पुढे शाळेत शिकवते. पावसाळ्यात रोजचा तो रस्ता आहे. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या गाडीत ‘कॅमेऱ्यासमोर अडथळा आहे’ असा संदेश येतो आणि सगळी यंत्रणा आपोआप बंद होते. मला त्याचं वाईट वाटत नाही. ती ‘मला दिसत नाही’ असं कबूल तरी करते. टिळकवाडीकरांच्या गाडीने तेवढंही केलं नाही, ते मला जास्त भीतीचं वाटतं.

गव्याचं सांगते. गेल्या वर्षी परतताना अंधार पडला होता. वळणावर डाव्या बाजूला पांढरं काहीतरी दिसलं, जमिनीपासून हात-दीड हात उंच, चार पट्टे. क्षणभर कळेना. मग एकदम लक्षात आलं की ते पाय आहेत. गव्याचं अंग काळं, आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. वरचा सगळा डोंगर अंधारात मिसळलेला. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो. मी थांबले, तो आरामात रस्ता ओलांडून गेला, मागे दोन माद्या आणि एक पिल्लू. गाडी गप्पच होती.

पांढरे पाय दिसले म्हणून वरचा गवा मला कळला, कारण मी गवा पाहिलेला आहे. सर, कॅमेऱ्याला हे शिकवता येईल का?

---

पिक्सेल_वडगाव

@खानापूरची_बाई, शिकवता येतं, पण त्यासाठी रात्रीच्या, पावसातल्या, वळणावरच्या गव्याची हजारो चित्रं लागतात, आणि ती गोळा करायला कुणीतरी त्या रस्त्यावर जायला हवं.

यावर चांगलं काम झालेलं नाही असं नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ तयार केला. हैदराबाद, बेंगळुरू आणि आजूबाजूच्या रस्त्यांवरची सुमारे १०,००० चित्रं, वस्तूंचे ३४ प्रकार, त्यात रिक्षा आहे, जनावरं आहेत. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगतो. त्याआधी जगभर वापरात असलेला सिटीस्केप्स हा संच मुख्यतः जर्मन शहरांवरचा. तिथे रस्ता संपला की फुटपाथ सुरू. आपल्या रस्त्यांसाठी संशोधकांना एक नवाच वर्ग करावा लागला: रस्ता नाही, पण त्यावरून गाडी जाऊ शकते. म्हणजे आपली साईडपट्टी, कडेची माती. या धाग्याचा विषय हाच आहे. आपल्याकडे रस्ता कुठे संपतो हे ठरवणंच कठीण, आणि बहुतेक धोके नेमके तिथेच उभे असतात.

---

शहापूर_गल्ली

पुढच्या कॅमेऱ्याचं चाललंय, मला मागच्या कॅमेऱ्याबद्दल विचारायचंय. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना उघडी गटारं आहेत, काही ठिकाणी फरशी आहे, काही ठिकाणी नाही. मागच्या महिन्यात रिव्हर्स घेताना स्क्रीनवर हिरव्या-पिवळ्या रेषा व्यवस्थित दिसत होत्या, सेन्सरचा आवाज नव्हता, आणि मागचं चाक गटारात गेलं. चौघांनी उचलून काढलं. शेजारच्या आजी पाचच मिनिटांपूर्वी तिथे उभ्या होत्या, त्याचाच विचार मनात येत राहतो. सेन्सर का वाजला नाही?

---

पिक्सेल_वडगाव

@शहापूर_गल्ली, ताई, सेन्सर वाजणारच नव्हता. १ जुलै २०१९ पासून देशात प्रत्येक नव्या कारला मागचा पार्किंग सेन्सर सक्तीचा आहे. तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट बघतो. भिंतीवरून प्रतिध्वनी येतो, खड्ड्यातून येत नाही. आणि प्रतिध्वनी नाही याचा अर्थ त्याच्या लेखी ‘जागा मोकळी’. म्हणजे गटार जितकं खोल, तितका तो जास्त निर्धास्त. बारीक लोखंडी सळई, ताणलेली तार, बुटका दगड, यांच्या बाबतीतही तो चुकतो.

कॅमेऱ्याला खड्डा का दिसत नाही हे आकड्यांत सांगतो, कारण मला स्वतःला तो हिशेब केल्यावर धक्का बसला होता. पुढचा कॅमेरा जमिनीपासून साधारण १.३ मीटर उंच. समजा ३० मीटरवर अर्धा मीटर रुंद चर आहे. कॅमेऱ्याची नजर इतकी तिरकी जाते की चराची अलीकडची कड ओलांडून पलीकडच्या भिंतीवर पडेपर्यंत ती फक्त दोन सेंटिमीटर खाली उतरते. चर एक हात खोल असो की पुरुषभर, चित्रात दिसतात ती वरची दोन सेंटिमीटर. डांबरातली एक काळी रेघ. दोन बोटांच्या रेघेवरून गाडी कशी थांबवायची?

उंच वस्तूचं चित्र जवळ जाताना मोठं होत जातं, खड्ड्याचं अगदी शेवटपर्यंत होत नाही. या क्षेत्रात हा जुना आणि अजून न सुटलेला प्रश्न आहे. आपल्याकडे रस्त्याला लागून असलेल्या, कठडा नसलेल्या विहिरी, कालव्याच्या कडा, पावसाने खचलेली साईडपट्टी, कठडा तुटलेली मोरी, हे सगळे याच जातीचे.

मागच्या कॅमेऱ्याची भिंग फार रुंद कोनाची असते, त्यामुळे जवळचं लांब वाटतं. आणि त्या रेषा जमीन सपाट आहे असं धरून काढलेल्या असतात. जिथे जमीनच नाही तिथेही त्या तशाच सरळ दिसतात. गल्लीत एकानं उतरून उभं राहणं याला आजही पर्याय नाही.

---

महामार्गी

दोन सेंटिमीटर! हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. विहिरींचा उल्लेख केलात ते फार योग्य. रायबाग, अथणीकडच्या आतल्या रस्त्यांवर वळणाला खेटून विहीर मी पाहिली आहे. दिवसा मोटरीचा पाइप दिसतो म्हणून कळतं, रात्री काही नाही.

---

स्टेअरिंग_३१

मी परिवहनच्या एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. अथणी, गोकाक, सौंदत्ती, सावंतवाडी, सगळीकडची रात्रपाळी केली. आता निवृत्त. मोबाईलवर मुलगी टाइप करते आहे.

समोरून अप्पर आला की नवा माणूस त्या दिव्याकडे बघतो. तिथेच तो आंधळा होतो. आम्हाला शिकवलेलं असं की झोत जवळ यायच्या आधीच नजर डाव्या कडेला टाकायची आणि पाय सोडायचा. झोत आल्यावर नाही, आधी. तुम्ही ७० ला होता, क्रूझ लावलेलं होतं, पाय मोकळा होता. पाय ब्रेकवर असता तर आईला ओरडावं लागलं नसतं. रागावून नाही सांगत, माझ्या मुलालाही हेच सांगतो.

दुसरं, झाडं. आपल्या जुन्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी वड, चिंच, करंज आहेत, बुंध्याला पांढरा-तांबडा पट्टा मारलेला. डिपरवर, म्हणजे खाली केलेल्या दिव्यावर, ते पट्टे एकामागोमाग एक दिसत जातात. आम्ही ती ओळ बघत चालायचो. मधला एखादा पट्टा गायब झाला की समजायचं, त्याच्यासमोर काहीतरी उभं आहे. ट्रॉली असेल, म्हैस असेल, माणूस असेल. जे दिसत नाही त्यावरून ओळखायचं. रुंदीकरणात बरीच झाडं गेली, त्याबरोबर ही खूणही गेली.

आणि एक. यल्लम्माच्या यात्रेला पौर्णिमेच्या आधी बैलगाड्यांच्या रांगाच्या रांगा सौंदत्तीला निघायच्या. गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असायचा. त्याचा उजेड मागच्याला दिसायचाच, शिवाय बैलांच्या पायांच्या सावल्या रस्त्यावर हलायच्या. लांबून हलत्या सावल्या दिसल्या की मी पाय सोडायचो. आता गाड्या कमी झाल्या, आहेत त्यांना कंदील नाही.

---

खानापूरची_बाई

काका, ‘पट्टा गायब झाला की काहीतरी उभं आहे’ हे मी आज वर्गात मुलांना सांगणार आहे. त्यातली निम्मी मुलं पाच वर्षांत मोटरसायकल चालवतील.

---

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

काका, तुमचं म्हणणं मान्य. पाय मोकळा होता हे खरं. त्या रात्री मी चालवत नव्हतो, नुसता बसलो होतो.

पिक्सेल, एक विचारतो. ७० ला मला थांबायला किती अंतर लागत होतं, आणि माझ्या डिपरमध्ये किती दिसत होतं?

---

पिक्सेल_वडगाव

७० म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. माणसाने बघून पाय दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात २९ मीटर गेले. कोरड्या डांबरावर चांगल्या ब्रेकने पुढचे २७. एकूण ५६ मीटर. डिपरमध्ये कामाचं दिसतं साधारण ४० ते ५०, आपल्याकडे डाव्या बाजूला थोडं जास्त. म्हणजे तुम्ही दिसण्याच्या पलीकडच्या वेगात होता. क्रूझवर पाय मोकळा असला तर दीड सेकंदही पुरत नाही.

५० ला हाच हिशेब ३५ मीटर होतो. ओल्या रस्त्यावर, गुळगुळीत टायरवर यात भर घाला.

आणि गाडीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. पादचारी ओळखून ब्रेक मारणाऱ्या गाड्यांमुळे पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी झालं. महामार्गींचा अनुभव दुचाकीचा, पण त्याच जातीचा. पण त्याच अभ्यासात, रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक आढळला नाही. चिकोडी–संकेश्वर रस्ता रात्री दहाला म्हणजे नेमकी ती परिस्थिती.

---

निपाणीकडचा

मी एक इचार केलाय. आमच्या गावात तीसेक ट्रॉल्या हायत. लाल-पांढरा चमकणारा टेप मिळतोय, ट्रकला लावत्यात तो. करंट लागत नाही. सगळ्यास्नी लावून टाकूया का? अजून दोन महिनं हंगाम हाय.

---

शहापूर_गल्ली

लावाच दादा. टेपचे पैसे इथून गोळा करू, मी पाचशे देते.

---

महामार्गी

माझेही धरा.

---

पिक्सेल_वडगाव

जरूर लावा. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणाचा भ्रमनिरास नको. त्याच आयआयएचएसने २०२५ च्या सुरुवातीला आणखी एक चाचणी प्रसिद्ध केली. अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या पुतळ्याला चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घातले, रस्त्यावरचे कामगार घालतात तसे. तीन गाड्या वापरल्या. त्यातल्या दोन गाड्या त्या पट्टेवाल्या पुतळ्यासमोर वेग कमी करायलाच तयार नव्हत्या, जाऊन धडकल्या. माणसाच्या डोळ्याला जे सगळ्यात ठळक, त्यानेच कॅमेऱ्याची ओळख बिघडवली. माणसाचा आकार पट्ट्यांत तुटून गेला असावा.

टेप लावल्याने कॅमेऱ्याला ट्रॉली दिसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चालवणाऱ्याला शंभर-दीडशे मीटरवरून दिसेल, हे मात्र नक्की सांगतो. टेप डोळ्यांसाठी आहे, हे धरून चला.

---

स्टेअरिंग_३१

टेप कुठे लावणार ते महत्त्वाचं. मागच्या फळीला लावाल तर उसाच्या शेंड्यांखाली जाईल. खालच्या चासीच्या आडव्या पट्टीला लावा, आसाच्या वर, शेंडे तिथपर्यंत उतरत नाहीत. आणि उजव्या कोपऱ्याला उभा पट्टा नक्की हवा. डांबरावर आलेला असतो तो उजवा कोपरा, मागच्याला वाचवायचं तिथूनच. ट्रॉली आडवी उलटली तर बाजूच्या फळीवरचा टेपच कामाला येईल, तिथेही दोन तुकडे लावा.

---

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

काका, तुम्ही स्वतः याल का दाखवायला? मी न्यायला येतो. निपाणीकडचे दादा, कुठला दिवस जमेल?

आईने एक निरोप दिलाय, तसाच लिहितो: फांदी टाकायचं सोडू नका, टेप लावला तरी टाका. फक्त दगडांऐवजी पाल्याचा भारा ठेवा, चुकून कुणी त्यावर गेलं तरी पडणार नाही.

---

निपाणीकडचा

वाड्याचा, म्हंजे उसाच्या शेंड्यांचा, भारा ठेवायचा, हे बेस सांगितलं आईंनी. ऊस तर गाडीत असतोयच, चार मोळ्या काढून ठेवल्या तरी भागतंय. पोरांस्नी सांगतो.

मंगळवारी आमच्याकडं तोड बंद असती, ट्रॉल्या दारात असत्यात. सकाळी आठला या, उशीर केला तर पोरं रानात जातील. टेप तुमी आणा. तारेचा ब्रश नि रॉकेल मी ठेवतो, गंजावर टेप बसत नाही, आधी घासून पुसून घ्यावं लागतंय. तीस ट्रॉल्यास्नी दुपार हुईल. जेवण आमच्याकडंच.

---

स्टेअरिंग_३१

येतो. टिळकवाडीकर, साडेसहाला चन्नम्मा सर्कलला उभा असेन.